देणाऱ्याची सही

माझ्या मावशीने आजवर सहाशे अकरा बायकांना दुचाकी चालवायला शिकवलं. आकडा तिच्या वहीतला आहे आणि तिच्या वहीवर शंका घ्यायची कुणाची छाती होत नाही. खरं तर सहाशे बारावी मी असायला हवी, पण मला तिने वहीत घेतलेलंच नाही. "तू अजून शिकायची आहेस," म्हणते. मी बारा वर्षं गाडी चालवते आहे. वळताना मी हात दाखवत नाही, नुसती बत्ती लावते, एवढ्या एका गुन्ह्यासाठी तिने मला कायमचं नापास करून ठेवलंय.

आमच्या वस्तीपलीकडे जुन्या गोदामांच्या मागे एक सिमेंटचं अंगण आहे. मालट्रक यायचे बंद झाले तेव्हापासून ते रिकामंच असतं. सकाळी सात वाजता मावशी तिथे हजर. पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी, खिशात खडू. खडूने ती जमिनीवर भला मोठा आठाचा आकडा काढते आणि येईल त्या बाईला त्यावरून फिरवते. साठी उलटली तरी गाडीचा मागचा दांडा धरून बाईच्या मागे पळते. दांडा कधी सोडला ते ती सांगत नाही. बाई आपली "मावशी, सोडू नका हं, सोडू नका हं" ओरडत असते आणि मावशी वीस पावलं मागे कमरेवर हात ठेवून उभी असते. तिला सगळे शिट्टीमावशी म्हणतात.

तिचा धडा एकच. आधी सांग, मग वळ. "बत्ती बिघडते. उन्हात दिसत नाही. एकदा लावली की विसरता आणि चार चौक लुकलुकत जाता. हात विसरता येत नाही, तो आपल्याला लागलेला असतो." उजवीकडे वळायचं तर उजवा हात खांद्यापासून सरळ बाहेर, बोटं जुळलेली. कोपरात वाकलेला हात दिसला की शिट्टी. "माशी हाकलतेस का गं?" हे वाक्य आमच्या भागातल्या अर्ध्या बायकांनी ऐकलेलं आहे.

हे सगळं शिक्षण ज्या गाडीवर झालं तिचं नाव थोरली. हिरवट निळी, गियरवाली, जुन्या घडणीची, चालू व्हायला तीन लाथा मागणारी स्कूटर. मावशीला मूलबाळ झालं नाही. ही गाडी घरी आली तेव्हा काका म्हणाले होते, "ही आपली थोरली." गंमत म्हणून म्हणाले, पण नाव चिकटलं. काका अचानक गेले, मावशी चाळिशीत एकटी पडली, आणि ज्या गाडीवर ती जन्मभर मागे बसली होती तिच्यावर पुढे बसायला शिकली. मग दुसऱ्यांना शिकवू लागली. रीतसर परीक्षा देऊन तिने शिकवण्याचा परवाना काढला. तो चौकटीत घालून दारासमोरच लावलाय. काकांचा फोटो आत आहे.

पुढे बिनगियरच्या गाड्या आल्या, बायकांना त्याच हव्या झाल्या, आणि मावशीने एक पांढरी धाकटी घेतली. थोरली जिन्याखाली उभी राहिली. याच सुमाराला सिस्टर शिकायला आली. दवाखान्यात हंगामी नोकरीवर होती. घरोघर जाऊन म्हाताऱ्यांची ड्रेसिंग करायची, इंजेक्शनं द्यायची. बस मिळाली नाही की चालत जायची. घरी नवरा, सासू आणि एक दीर. सिस्टर धाकटीवर शिकली, पण तिची नजर जिन्याखाली. एक दिवस तिने न विचारता थोरली पुसून लख्ख केली. मावशीने ते गॅलरीतून पाहिलं, खाली आली आणि किल्ली तिच्या हातात ठेवली.

"घेऊन जा. दिली तुला."

पैसे घ्या म्हणून सिस्टर रडकुंडीला आली. मावशीने ऐकलं नाही. शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय, विकलीत वाटतं गाडी?" तर मावशी अशी काही उसळली की काकू चार दिवस तिच्या वाऱ्याला उभ्या राहिल्या नाहीत. "विकली नाही. दिली." मुलगी कुठे दिली, असं आपण विचारतो ना, त्या सुरात.

आता माझी ओळख सांगायला हवी, कारण पुढचं माझ्या अंगावर येणार आहे. मी वाहन नोंदणी कचेरीत कारकून आहे. खिडकी क्रमांक तीन, मालकी बदल. गाडी दुसऱ्याच्या हाती गेली की चौदा दिवसांत आम्हाला कळवायचं. विका, द्या, वाटणीत सोडा, कळवायचं. लोक कळवत नाहीत. तीन तीन वर्षांनी उगवतात आणि "राहूनच गेलं बघा" म्हणतात. दिवसभर मी त्यांच्यावर खेकसते. माझ्या खिडकीला लोक मागून काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

तर ही मी, आणि माझी सख्खी मावशी गाडी देऊन मोकळी झाली. दुसऱ्याच दिवशी मी फॉर्म घेऊन घरी गेले. सगळे रकाने मीच भरले. खाली दोन जागा असतात, घेणाऱ्याची सही आणि देणाऱ्याची सही. सिस्टरने लगेच केली, तारीख घातली, अक्षर मोत्यासारखं. मावशी म्हणाली, "माझा चष्मा आत आहे. उद्या करते."

चष्मा तिच्या डोक्यावर होता. मला दिसला होता. मी काही बोलले नाही, ही माझी चूक. पुढे दोनदा आठवण केली. पहिल्यांदा "करते गं" आलं, दुसऱ्यांदा "मला शिकवू नकोस". तिसऱ्यांदा मी हात टेकले. घरच्या माणसावर खेकसता येत नाही. मग मीही विसरले आणि तीन वर्षं गेली.

एका दुपारी मावशीला चौकीवरून बोलावणं आलं. थोरलीने चौकातल्या घड्याळवाल्या काकांना उडवलं होतं. ते दुकान बंद करून जेवायला घरी निघाले होते. पाय दोन ठिकाणी मोडला. चालवणारा गाडी तिथेच टाकून पळाला. पोलिसांनी क्रमांकावरून मालक शोधला, आणि मालक कोण, तर मावशी.

चौकीतला तो संवाद मी नंतर इतक्यांदा ऐकला की पाठ झालाय. हवालदार लिहीत होता.

"गाडी तुमची?"

"होती माझी. सिस्टरला दिलीय."

"चालवायला?"

"मग काय शोकेसमध्ये ठेवायला?"

हवालदाराने लिहिलं, गाडी चालवण्यास दिली. मावशीने वाचलं. तिला त्यात काहीच खटकलं नाही. दिली, आणि चालवायलाच दिली, खोटं काय त्यात? तिने झोकात सही केली. बघा, तिथे चष्मा बरा सापडला.

चार दिवसांत पळालेला माणूस सापडला. सिस्टरचा दीर. त्याच्याकडे परवाना नव्हता. आता कागदावर गोष्ट अशी झाली, की दुचाकी शिकवायचा परवाना असलेल्या बाईने आपल्या मालकीची गाडी दुसऱ्या घरी वापरायला दिली आणि ती विनापरवाना माणसाच्या हातात जाऊ दिली. हे सिद्ध झालं तर शिकवण्याचा परवाना रद्द होतो, आणि पुन्हा मिळत नाही. समन्समध्ये ते छापलेलंच होतं. मी ते मावशीला वाचून दाखवलं तेव्हा ती दारासमोरच्या चौकटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग सकाळी सातला मी करायचं काय?"

मला वाटलं, सिस्टर येईल आणि सांगेल. ती आलीच नाही. तिचा जबाब मला वकीलबाईंकडून कळला. वकीलबाई म्हणजे मावशीच्या वहीतल्या तीनशे चाळिसाव्या. सिस्टरने सांगितलं होतं, "गाडी मावशींच्या नावावर आहे. त्यांनी मला दिली होती." बस्स. यातही अक्षर खोटं नाही! एकच शब्द दोघींनी वापरला आणि तो दोन्ही वेळा मावशीच्याच गळ्यात पडला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वकीलबाई म्हणाल्या, "कायमची दिली, याचा काही पुरावा हवा. लिहिलेलं आहे काही?"

मावशीने वही काढली. सिस्टरच्या नावापुढे तारीख होती आणि शेरा होता. थोरली दिली.

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला.

तेव्हा मला तो फॉर्म आठवला. मावशीच्या टेबलाचा खण मी उपसला. खडूंचे तुकडे, जुन्या शिट्ट्या, आमच्या काकांचं बंद पडलेलं घड्याळ, आणि सगळ्यांत खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडीसुद्धा न मोडलेला फॉर्म. सिस्टरची सही, तीन वर्षांपूर्वीची तारीख. देणाऱ्याची जागा कोरी.

"मावशी, अगं सुटलीस तू!" मी ओरडले. "यात ती स्वतः लिहून देतेय की गाडी तिने घेतली!"

"ठेव तिथे."

"का?"

"तिची नोकरी हंगामी आहे. गाडी तिची ठरली की विनापरवाना माणसाच्या हाती दिल्याचा ठपका तिच्यावर. दवाखाना तिला दुसऱ्या दिवशी घरी बसवेल."

"आणि तू?"

"मी खोटं बोलणार नाही. कोर्टाने विचारलं तर कागद दाखवीन. पण आपण होऊन तिच्यावर कागद फेकणार नाही." मग तिने खण लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि चूक माझीच आहे. मला सही करवली नाही. सही केली की त्या गाडीवरचं नाव जाणार. यांनी कौतुकाने माझ्या नावावर घेतली होती. द्यायला मन तयार होतं गं, नाव काढायला नव्हतं."

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. तीन वर्षांपूर्वी डोक्यावरचा चष्मा मी बोट दाखवून तिला दाखवला असता तर? पण दाखवला नाही.

या सगळ्यात मावशी एक गोष्ट रोज करत होती. घड्याळवाल्या काकांच्या घरी जायची, त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात न्यायची आणि परत आणायची. काकांच्या सुनेने पहिल्या दिवशी तिला दारातून घालवून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी मावशी परत गेली. "गाडी माझ्या नावावर आहे," एवढंच म्हणाली. तिसऱ्या दिवशी सुनेने पाणी विचारलं. काका चेष्टेखोर. प्लास्टर घातलेल्या पायाकडे बघून म्हणायचे, "तुमच्या थोरलीने हात दाखवला नाही हो." मावशी हसायची नाही.

कोर्टाची खोली लहान होती. वर पंखा कुरकुरत होता, कपाटावर दोरीने बांधलेले गठ्ठे, बाकांवर आम्ही. न्यायाधीश मध्यम वयाचे, सर्दीने बेजार. घड्याळवाले काका कुबड्या घेऊन पहिल्या बाकावर. सिस्टर शेवटच्या बाकावर, दवाखान्याच्या कपड्यांतच, शेजारी सासू.

आधी सिस्टरला बोलावलं.

"गाडी तुम्हाला कुणी दिली?"

"मावशींनी."

"वापरायला की कायमची?"

सिस्टरने सासूकडे पाहिलं. सासू आपली पिशवी बघत होती. "दिली होती," सिस्टर म्हणाली. न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा तेच म्हणाली, आणखी हळू. त्यांनी नाक पुसलं आणि तिला बसायला सांगितलं. माझ्या मनात तिच्याबद्दल जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग मावशी. कॅनव्हासचे बूट घालूनच आली होती.

"तुम्ही गाडी दिली म्हणता. म्हणजे नेमकं काय केलं?"

"दिली, म्हणजे दिली."

"बाई, लोक पेनही देतात आणि परत मागतात. मुलगीही देतात. तुमचं दिलं कोणतं?"

बाकांवर हशा झाला. मावशी मात्र त्यांच्याकडे, कुणीतरी पहिल्यांदाच बरोबर प्रश्न विचारल्यासारखी, बघत राहिली.

"दुसरं," ती म्हणाली.

"लेखी काही आहे?"

मावशीने शेवटच्या बाकाकडे पाहिलं, सरळ सिस्टरकडे, आणि उजवा हात खांद्यापासून बाहेर काढला. ताठ, बोटं जुळलेली. न्यायाधीशांना वाटलं, ही शपथ घेतेय. ते म्हणाले, "शपथ झाली तुमची." पण खोलीत आम्ही निदान चौघीजणी अशा होतो ज्यांना तो हात काय म्हणतोय ते कळलं. आता मी वळणार आहे. सांभाळ.

हात तिने तीनेक क्षण तसाच धरला. मग खाली घेतला आणि पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढली.

"यात घेणाऱ्याची सही आहे, देणाऱ्याची नाही," ती म्हणाली. "म्हणजे ती तेव्हाच सांगायला तयार होती. मी नव्हते. माझी भाची त्याच कचेरीत आहे, तिने तीनदा सांगितलं. चौदा दिवस होते, मी तीन वर्षं घेतली. मी सहाशे अकरा बायकांना सांगत आले, आधी सांग, मग वळ. आणि स्वतः न सांगता वळले. मागून येणाऱ्याला काय कळणार, गाडी कुणाची ते? माझा जो गुन्हा आहे तो हा. हा लिहून घ्या."

न्यायाधीश फॉर्म वाचत होते. पंखा कुरकुरत होता. तेवढ्यात मागून बाक सरकल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं तर सिस्टर उभी होती आणि तिचा उजवा हात बाहेर होता. कोपरात थोडा वाकलेला. सासूने तिला खाली ओढलं. ती बसली नाही.

"मला बोलायचंय. गाडी माझीच आहे. मावशींनी कायमची दिली. त्या दिवशी मी कामावर होते. दिराने खिळ्यावरची किल्ली घेतली, मला विचारलं नव्हतं. घरी म्हणाले, नाव मावशींचंच आहे ना, राहू दे त्यांचंच. मी गप्प बसले. मला नोकरीची भीती वाटली." मग ती मावशीकडे बघून म्हणाली, "मला माफ करा," आणि तोंड ओंजळीत घालून रडू लागली.

त्यानंतरचं सगळं कागदोपत्री झालं आणि त्याला आणखी दोन तारखा लागल्या. किल्ली न विचारता नेली होती हे दिराने शेवटी कबूल केलं. अपघाताचा आणि विनापरवाना चालवण्याचा गुन्हा त्याच्या एकट्यावर राहिला. सिस्टरला खोटेपणाबद्दल न्यायाधीशांनी चांगलं सुनावलं, पण नोकरी वाचली. मावशीला मालकी बदल न कळवल्याबद्दल दंड झाला. तिने तो रांगेत उभं राहून भरला आणि पावती वहीत चिकटवली. परवाना दारासमोर आहे तिथेच आहे.

मग एक दिवस त्या दोघी माझ्या खिडकीसमोर आल्या. इतरांसारख्या, रांगेतून. मी कोरा फॉर्म पुढे सरकवला. सिस्टरने सही केली नाही, तो मावशीकडे ढकलला.

"मावशी, तुमच्या नावावरच राहू दे. मला नको. मला तोंड नाही तेवढं."

मावशीने चष्मा डोळ्यांवर घेतला. "दिली म्हणजे दिली. कर सही."

सिस्टरने केली. मग मावशीने पेन घेतलं. देणाऱ्याच्या जागेवर टेकवलं आणि तिचा हात थांबला. मागे नऊ माणसं होती. एकाने "अहो, उरका की" म्हटलं. मी त्याच्यावर अशी खेकसले की तो दोन पावलं मागे गेला. घरच्या माणसासाठी खेकसता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

तिने सही केली. पूर्ण, आमच्या काकांच्या नावासकट. मी शिक्का मारला, यंत्रात नोंद केली.

"माझं नाव निघालं?"

"निघालं, मावशी."

"वाच बघू आता कुणाचं आहे."

मी सिस्टरचं नाव वाचलं. मावशीने मान डोलावली. डोळे भरून आले होते आणि ती ते लपवतही नव्हती. तशीच ती सिस्टरकडे वळली, तिच्या हातातली किल्ली घेतली, आपल्या तळहाताने पुसली आणि परत दिली.

"पुढचा ब्रेक एकदम दाबू नकोस," ती म्हणाली. "तिला सोसत नाही."